सातासमुद्रापलीकडची पडशी

 

आमच्याकडे हल्ली जी पत्रे येतात त्यांत एक नवाच प्रश्न वारंवार दिसू लागला आहे. पूर्वी लोक विचारीत, माळ तुटली तर काय करावे, घरात सुतक असता वारीला निघावे की नाही, एकादशीला अमुक चालते का. आता पुष्कळ माळकरी लिहितात, ‘‘महाराज, मुलाने तिकीट काढले आहे. आम्ही दोघे अमेरिकेला निघालो. बरोबर काय काय न्यावे?’’ एकाने तर चार पानी यादीच पाठवली आणि खाली लिहिले, ‘‘यात काही राहिले असल्यास कळवावे.’’ राहिले काहीच नव्हते. पाटा-वरवंटा तेवढा नव्हता.

प्रश्न प्रपंचातला आहे, तो परमार्थाच्या मासिकात कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु वारकरी म्हणजेच वाटेवरचा माणूस. त्याने काय उचलावे आणि काय ठेवावे, हा त्याच्या घरचाच विषय आहे. शिवाय आम्ही स्वतः या प्रसंगातून गेलो आहोत आणि त्यात आमच्या हातून एक चूक घडली. ती आधी सांगितल्यावाचून कोणाला उपदेश करण्याचा आम्हाला अधिकार नाही. म्हणून आजची सेवा या पडशीवर.

पडशी हा शब्द आता तरुण मंडळींना ठाऊक नसेल. खांद्यावर टाकायची, पुढेमागे दोन कप्प्यांची कापडी पिशवी. आमच्या आजोबांची पडशी आम्ही पाहिली आहे. एक धोतर अंगावर, एक आत. तांब्या, घोंगडी, थोडे पीठ, लसणाची चटणी, गोपीचंदनाचा खडा, बुक्क्याची डबी. आळंदी ते पंढरी सुमारे अडीचशे किलोमीटरची वाट ते एवढ्यावर चालत. पुढचा कप्पा जड झाला की मान पुढे ओढते, मागचा जड झाला की पाठ मागे ओढते. म्हणून निघण्यापूर्वी ते पडशी खांद्यावर टाकून अंगणात दोन फेऱ्या मारीत आणि मग एखादी वस्तू काढून आजीच्या हाती देत. भर घालताना आम्ही त्यांना कधी पाहिले नाही.

आता खरे बोलायचे तर आजची वारी तशी राहिलेली नाही. हैबतबाबांनी माउलींच्या पालखीला शिस्त लावली, दिंड्यांचा क्रम लागला, आणि आमच्या काळात प्रत्येक दिंडीमागे मालट्रक आला. तंबू, गॅसच्या शेगड्या, धान्याची पोती, आमची वळकटी, सगळे ट्रकमध्ये. आम्ही मोकळ्या हातांनी टाळ वाजवीत दिवेघाट चढतो आणि वर पोचल्यावर म्हणतो, ‘‘वारकऱ्याला ओझे कसले!’’ ओझे असते, माउली. ते ट्रकमध्ये असते. पहाटे तंबू मोडणाऱ्या पोरांच्या पाठीवर असते. पुढच्या मुक्कामी आपल्या आधी पोचून पिठले टाकणाऱ्या बायांच्या हातांत असते. हे आम्ही कैक वर्षे कीर्तनात विनोदाने सांगत आलो. त्याचा खरा अर्थ मुंबईच्या विमानतळावर कळला.

आमचे चिरंजीव अमेरिकेत न्यूजर्सी राज्यात एडिसन गावी असतात. २०२३ साली सूनबाईला दिवस गेले आणि पौषात बाळंतपण येणार असे कळले. आम्ही पंचांग काढले. वारकऱ्याची योजना तिथीपासूनच सुरू होते. आषाढी चुकवायची नाही हे आधीच ठरलेले. तेव्हा कार्तिकी करून, आळंदीला कार्तिक वद्य त्रयोदशीचा माउलींचा समाधिसोहळा पाहून, मार्गशीर्षात निघायचे. आणि ज्येष्ठ वद्य अष्टमीला प्रस्थानाला परत आळंदीत. माघी आणि चैत्री तिकडेच जाणार, याला इलाज नव्हता. पाहुण्याला त्या देशात बहुधा सहा महिने राहू देतात. परंतु नेमके किती, हे तिथे उतरल्यावर विमानतळावरचा अधिकारी ठरवतो, व्हिसाच्या कागदावर लिहिलेली मुदत नव्हे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. आम्ही परतीचा दिवस आधी धरला आणि जाण्याचा मागून.

तिथी ठरली आणि घरात भरायला सुरुवात झाली. आमचे कुटुंब बाळंतिणीसाठी डिंकाचे लाडू, अळिवाचे लाडू, मेतकूट, भाजणी, गोडा मसाला करू लागले. शेजारणी आल्या. एकीचा मुलगा टेक्सासात, एकीची मुलगी कॅलिफोर्नियात. दोघींनी डबे आणून दिले, ‘‘जाता जाता द्या हो.’’ अमेरिका म्हणजे आपली वेशीपलीकडची वाडी असाच सगळ्यांचा समज. आम्ही स्वतः काय कमी होतो? मिक्सर न्यावा, असे सुचवले ते आम्हीच. तिकडे घरातली वीज एकशेवीस व्होल्टची, आपल्या दोनशेतीसच्या निम्मी. आपला मिक्सर तिथे गुरगुरतो फक्त, वाटत काही नाही. मुलाने फोनवर सांगितले म्हणून तो वाचला. थंडीसाठी दोन जाड कोट विकत घेतले. ते एक दिवसही उपयोगी पडले नाहीत. बर्फात ते पुरत नाहीत आणि घरात हीटर चालू असल्यामुळे नकोसे होतात. मुलाने दोघांसाठी तिथले कोट आधीच आणून ठेवले होते. एडिसनच्या ओक ट्री रोडवर कोकम, साबुदाणा, पोहे, कुळीथ, राजगिरा सर्व मिळते. तो रस्ता पाहून कुटुंब म्हणाले, ‘‘अहो, ही तर आपली मंडई! मग आपण आणलं काय?’’

आता ग्रंथांचे सांगतो. एक मोठी गाथा आणि एक सार्थ ज्ञानेश्वरी, दोन्ही मिळून साडेतीन किलो. ही आमची नित्याची पोथी. तिथल्या मराठी मंडळींनी दोन कीर्तने ठरवली होती, त्यामुळे आम्हाला ती हवीच होती. मोठ्या पेटीत ग्रंथ ठेवायला मन होईना. पेटी फेकतात, वर कोणाची चपलांची पेटी येईल कोणास ठाऊक. तेव्हा ग्रंथ हातपिशवीत. टाळही हातपिशवीत. कीर्तनाच्या वह्या, शाल, फेटा. कुटुंबाची इन्शुलिनची पेने, रक्तातली साखर मोजायचे यंत्र आणि गोळ्या याही त्याच पिशवीत एका कोपऱ्यात. त्यांच्या हातात दुसरी पिशवी होती ती लाडवांची.

विमानतळावर काउंटरवरच्या मुलीने हातपिशवी काट्यावर ठेवायला सांगितली. मर्यादा सात किलोची, पिशवी भरली साडेआठ. ‘‘दीड किलो काढा, आजोबा.’’ मागे रांग खोळंबलेली. आम्ही कागदपत्रे घेऊन बाजूला झालो आणि कुटुंबाला म्हणालो, ‘‘अगं, तेवढं बघ जरा.’’ त्यांनी पाहिले. पिशवी परत काट्यावर ठेवली, बरोबर सात भरली, आम्ही समाधानाने पुढे निघालो. काय काढले हे विचारलेसुद्धा नाही. ग्रंथ आत आहेत ना, एवढे चाचपून पाहिले.

आखातातल्या एका शहरात विमान बदलायचे होते. पहिल्याला उशीर झाला, दुसरे धावतपळत गाठले. न्यूयॉर्कला उतरलो तो आमच्या दोन पेट्यांपैकी एक आली, एक आलीच नाही. आम्ही म्हणालो, ‘‘येईल, विठोबा आणील.’’ कुटुंब काही बोलले नाहीत. त्या रात्री त्यांना तहान आवरेना. पाणी प्यायच्या, उठायच्या, परत प्यायच्या. सकाळी डोळे मिटून पडून राहिल्या. चिरंजीव म्हणाले, ‘‘आई, इन्शुलिन घेतलंस का?’’ तेव्हा त्यांनी सांगितले की ते न आलेल्या पेटीत आहे.

काउंटरवर दीड किलो काढायचे होते. त्यांच्यापुढे गाथा होती, ज्ञानेश्वरी होती, टाळ होते, लाडू होते, आणि त्यांचे औषध होते. त्यांनी औषधाचा डबा काढला, त्याच्याबरोबर आपली शाल काढली, आणि दोन्ही मोठ्या पेटीत सरकवली. पुढे आम्ही विचारले, असे का केलेस. म्हणाल्या, ‘‘गाथा कशी काढायची? तुम्हाला वाईट वाटलं असतं. एका दिवसाचा तर प्रश्न.’’

शेजारच्या घरून साखर मोजायचे यंत्र आणले. आकडा साडेचारशेच्या वर गेलेला. मुलाने तातडीने डॉक्टरकडे नेले, तिथे शिरेतून पाणी लावले, इन्शुलिन दिले, संध्याकाळपर्यंत चेहरा माणसात आला. पेटी तिसऱ्या दिवशी एका गाडीवानाने दारात आणून ठेवली. सूनबाई नवव्या महिन्यात, तिची काळजी घ्यायला आम्ही गेलो, आणि पहिले दोन दिवस तीच आमच्या मंडळींच्या उशाशी बसून होती.

त्याच संध्याकाळी आम्ही मुलाच्या बैठकीत बसलो होतो. समोर फळीवर गाथा आणि ज्ञानेश्वरी. पहिले पान उघडले तो आमच्याच अक्षरातला आशीर्वाद. लग्नात आम्हीच दिलेली जोडी! आपण दिलेले ग्रंथ मुलाच्या घरी असतील, एवढाही विश्वास आम्हाला नव्हता काय? की आमचे ग्रंथ म्हणजे आमचेच, खुणा केलेले, कीर्तनात हातात धरल्यावर लोकांना दिसणारे, तेच हवे होते? या प्रश्नाचे उत्तर आम्ही देऊन चुकलो आहोत, ते इथे लिहायला नको.

असो. तुकोबारायांची ती कथा तुम्ही सर्वांनी ऐकली आहे. सावकारीची कर्जखते त्यांनी इंद्रायणीत सोडली. आम्ही ती गोष्ट वैराग्याचे उदाहरण म्हणून शेकडो वेळा सांगितली. परंतु परंपरेने सांगितलेला एक भाग आम्ही नेहमी घाईने उरकीत असू. बुडवण्यापूर्वी तुकोबांनी खतांचे दोन भाग केले. अर्धी कान्होबांची, त्यांच्या धाकट्या भावाची. ती त्यांनी त्यांच्या हाती दिली. बुडवली ती आपल्या वाट्याची. भावाच्या संसाराला हात लावून ते हलके झाले नाहीत. आणि त्यांची अर्धी खते पाण्यात गेली तेव्हा आणखी कोणीतरी हलके झाले, ते कर्जदार. न्यूजर्सीत ती रात्र जागून काढताना आम्हाला ही वाटणी आठवली. आमची पिशवी सात किलोची झाली खरी, परंतु ती ज्याच्या वाट्यातून झाली त्या माणसाला आम्ही विचारलेही नव्हते.

तेव्हा आता पत्र लिहिणाऱ्यांना आमचे सांगणे. भरायला बसण्यापूर्वी दोघांनी समोरासमोर बसावे आणि प्रत्येकाने फक्त एवढेच सांगावे की पेट्या आल्याच नाहीत तर मला तीन दिवस कशावाचून चालणार नाही. कपडे काय, नातवाचे झबले काय, ते मागून. जे सांगितले ते हातपिशवीत प्रथम जाईल, आणि काट्यावर वजन जास्त भरले तरी ते निघणार नाही. औषधे मूळ वेष्टनात, डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीतली, औषधाचे मूळ नाव लिहिलेली. इन्शुलिन कधीही मोठ्या पेटीत नको. पेटी हरवते हा एक भाग. विमानाच्या पोटात थंडी कमीजास्त होते आणि गोठलेले इन्शुलिन निकामी होते. हातात शंभर मिलिलिटरपेक्षा जास्त पातळ पदार्थ नेऊ देत नाहीत, परंतु औषधाला सूट असते. तपासणीच्या वेळी बाहेर काढून दाखवावे. अमेरिकेत औषधे साधारण तीन महिन्यांपुरती नेणे बरे, पुढची सोय मुलाला आधीच विचारून ठेवावी. कानाच्या यंत्राचे सुटे सेल आणि मोबाईल भारायची पेटी, ज्याला पॉवर बँक म्हणतात, तीही हातातच. पॉवर बँक मोठ्या पेटीत ठेवायला बंदी आहे, आगीच्या भयाने.

तूप, लोणचे, चटणी, चंद्रभागेचे तीर्थ, हे सर्व तपासनिसाच्या लेखी पातळच. वाटेत विमान बदलायचे असेल तर तिथेही पुन्हा तपासतात. तीर्थ न्यायचेच तर लहान कुपीत, मोठ्या पेटीत, दोनदा गुंडाळून.

आता आपल्या खास वस्तूंचे. गळ्यातली माळ गळ्यातच असू द्या, तिला कोणी काही म्हणत नाही. गोपीचंदनाचा एक खडा पुरतो. आम्ही सहा नेले होते, पाच परत आले. बुक्का डबीभर न्यावा, पिशवीभर नव्हे. अमेरिकेला जाणाऱ्या विमानात हातातली भुकटी साडेतीनशे मिलिलिटरच्या वर असली की वेगळी तपासतात, आणि काळ्या भुकटीचा खुलासा इंग्रजीत करणे हे काही सोपे कीर्तन नव्हे. कापूर अजिबात नको, हातातही नको, पेटीतही नको. तो झटकन पेट घेणारा म्हणून विमानात बंद आहे. आगपेटीही बांधू नये. सुक्या खोबऱ्याच्या वाट्यांचेही तेच. खोबऱ्यातल्या तेलामुळे ते साठवणीत आपोआप तापते, म्हणून विमानवाहतुकीत धोक्याच्या मालात धरतात. प्रसादाचा नारळ घरी फोडा, सगळ्यांना वाटा, आणि निघा.

तुळशीचे रोप नेण्याचा मोह पुष्कळ माउलींना होतो. डोईवर वृंदावन घेऊन पंढरीला चाललेल्या बाईला ते स्वाभाविकच आहे. परंतु मातीसकट रोप परदेशात नेऊ देत नाहीत. मातीतून कीड आणि रोग जातात, आणि एकदा गेले की तिथल्या शेतकऱ्याचे पीक बुडते. तोही कोणाचा तरी पोशिंदाच. कढीपत्त्याची ओली पाने अमेरिकेत चालत नाहीत, ती याच कारणाने. लिंबूवर्गातल्या झाडांचा रोग त्यांवरच्या किडीबरोबर पसरतो. घरचा आंबेमोहोर नेऊ नका, खपरा नावाच्या धान्यातल्या भुंग्यामुळे आपल्याकडचा तांदूळ प्रवाशाच्या पेटीतून घेत नाहीत. आणि जे खाण्याचे नेले असेल ते उतरल्यावर विचारतील तेव्हा ‘आहे’ म्हणून सांगावे. फार तर ठेवून घेतात. लपवले तर दंड. नित्य हरिपाठ म्हणणाऱ्याने पापडासाठी खोटे बोलू नये.

एक गोष्ट विशेष सावधपणे सांगतो, कारण त्यात माणूस तुरुंगात जाऊ शकतो. खसखस. आपल्या अनारशांवर ती असते, डिंकाच्या लाडवांत असते, मसाल्यात असते. संयुक्त अरब अमिराती आणि सिंगापूर या देशांत खसखस अमली पदार्थाच्या कायद्याखाली बंद आहे. दुबईत किंवा अबूधाबीत विमान बदलून अमेरिकेला जाणारे आपले लोक पुष्कळ. बाळंतिणीच्या मायेने केलेला लाडू तिथे कोणाला समजावून सांगणार? आमच्या लाडवांत खसखस होती. आमचे कोणी काही उघडून पाहिले नाही, हे दैव. त्या दैवावर तुम्ही विसंबू नका.

दुसऱ्यांचे डबे शक्य तो घेऊ नयेत. घ्यावेच लागले तर उघडून, पाहून, आपल्या हाताने पुन्हा भरून घ्यावे. ‘ही पेटी तुम्ही स्वतः भरली का’ असे विचारतात आणि त्याला खरे उत्तर देता आले पाहिजे. टेक्सासचा डबा आम्ही न्यूजर्सीतून टपालाने पाठवला. डब्यातल्या चिवड्यापेक्षा टपालखर्च अधिक झाला.

पेट्यांचे वजन घरीच करावे. हाताने धरायचा अडकवणीचा काटा स्वस्तात मिळतो. रिकामी पेटीच चार-पाच किलोची असते, तेव्हा पेटी घेताना रंग पाहण्याआधी उचलून पाहावी. अमेरिकेच्या तिकिटावर बहुधा तेवीस किलोची एक किंवा दोन नगे मिळतात. किती, ते तिकिटावर छापलेले असते, ऐकीव गोष्टीवर जाऊ नये. एक नग बत्तीस किलोच्या वर तर बहुतेक कंपन्या पैसे दिले तरी घेत नाहीत, कारण तो उचलणारा माणूस असतो आणि त्याला पाठ असते. आमच्या मते मर्यादा तेवीसची असली तरी अठरावर थांबावे. नातू झाल्यावर परत येताना रिकाम्या हातांनी कोण येऊ देणार आहे?

दोघांचे कपडे दोन्ही पेट्यांत निम्मे निम्मे घालावेत, म्हणजे एक राहिली तरी दोघांना नेसायला असते. आमची आलेली पेटी नेमकी आमच्याच धोतरांची होती. कुटुंब तीन दिवस सुनेच्या शाली गुंडाळून बसल्या. धोतर हे प्रवासाला उत्तम वस्त्र आहे, हलके, आणि हीटरच्या कोरड्या हवेत तासाभरात वाळते. नऊवारी दोन पुरतात. सगळ्यांच्या पेट्या काळ्याच असतात, म्हणून आपल्या पेटीच्या मुठीला भगव्या पताकेची एक पट्टी बांधावी. आमची हरवलेली पेटी त्या पट्टीच्या वर्णनावरूनच सापडली असे त्या माणसाने सांगितले. आतही पत्ता लिहिलेला कागद टाकावा. पेटी न आल्यास तिथून बाहेर पडण्यापूर्वीच तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्यावा. घरी जाऊन फोन करू म्हटले की काम अवघड होते.

ग्रंथाचे काय, असे विचाराल. पाठ आहे त्याला वजन नाही. ज्याला पोथीवाचून चैन पडत नाही त्याने गुटका प्रत न्यावी, ती बंडीच्या खिशात मावते. मोबाईलवरही आता ज्ञानेश्वरी वाचता येते. आमच्या डोळ्यांना ते मानवत नाही, परंतु त्यात पाप आहे असे आम्ही म्हणणार नाही. नामदेवराय पायी चालत पंजाबात घुमानपर्यंत गेले. त्यांनी बरोबर काय नेले याची यादी कोणी ठेवली नाही. त्यांची एकसष्ट पदे मात्र शिखांच्या गुरु ग्रंथसाहेबात आजही आहेत.

नातू पौषात झाला, सुखरूप. ज्येष्ठात आम्ही परतलो तेव्हा चिरंजीवांनी नेहमीप्रमाणे पेट्या गच्च भरल्या, आणि आम्ही भरू दिल्या, तेवढे त्याचे मन राखले. हातपिशवी मात्र आमच्या हाताने भरली. तळाशी इन्शुलिनचा डबा, त्यावर साखरेचे यंत्र, त्यावर कुटुंबाची शाल. गाथा आणि ज्ञानेश्वरी तिकडेच ठेवून आलो, फळीवरच्या जोडीशेजारी. आता तिथे दोन जोड्या आहेत. विमानतळावर पिशवी काट्यावर ठेवली तर चार किलो भरली. कुटुंब म्हणाले, ‘‘अहो, अजून तीन किलोची जागा आहे, टाळ तरी घ्या.’’ आम्ही टाळ घेतले.

गेल्या पंधरवड्यात आमच्या फडावरचे एक जोडपे ऑस्ट्रेलियात मुलीकडे जायला निघाले. भेटायला आले ते आमच्याकडे, पण बसले स्वयंपाकघरात. आमच्या मंडळींनी त्यांना विचारले, कोणाला कसले औषध चालू आहे. गृहस्थांना दम्याचे, ते म्हणाले पेटीत नीट बांधून ठेवले आहे. ‘‘काढा,’’ आमचे कुटुंब म्हणाले, ‘‘आधी ते काढा, मग पुढचं बोलू.’’ मग पेढ्यांचे निघाले. त्या देशात दुधाचे पदार्थ आपल्याकडून नेऊ देत नाहीत, तेव्हा पंढरीचा पेढा इथेच खा. लाह्या आणि माळ नेलीत तर उतरताना कागदावर तसे लिहा. डिंकाचे लाडू न्यावेत का, या प्रश्नावर दोघी बायका बराच वेळ बोलत होत्या. शेवटी ठरले की तिकडे काय चालते ते मुलीने आधी विचारून कळवावे, आणि करायचेच झाले तर खसखस वगळावी.